अण्णांचे पंचवीस वॅट

माणसाची किंमत रुपयांत मोजायची असते, असं मी बी.कॉम.ला शिकलो आणि बँकेत चिकटल्यापासून काउंटरच्या अलीकडे बसून रोज तेच करत आलो. ती वॅटमध्येही मोजतात, हे मला वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी कळलं, आणि तेही वडिलांच्या हृदयामुळे.

झालं असं, की आमच्या अण्णांच्या हृदयाकडे जाणारी एक वाहिनी तुंबलेली निघाली. अँजिओप्लास्टी झाली, सुखरूप झाली. महिन्याभराने डॉक्टर म्हणाले, "आता थोडा व्यायाम. सायकल चालवता येते का?"

हा प्रश्न म्हणजे माशाला पोहता येतं का विचारण्यासारखा होता. अण्णा पोस्टमन. पस्तीस वर्षं काळी चोवीस इंची सायकल, कॅरियरला पिशवी आणि खांद्याला दुसरी पिशवी, असा त्यांचा संसार. अण्णा ताठ उभे राहिले. परंतु त्यांना बसवलं ते जमिनीला खिळलेल्या, चाक नसलेल्या सायकलवर. समोर एक पडदा. अण्णांनी पायडल मारलं आणि पडद्यावर आकडा आला : २५.

"हे पंचवीस काय?" अण्णांनी विचारलं.

"वॅट, आजोबा," तिथली मुलगी गोड आवाजात म्हणाली. "सुरुवातीला एवढेच पुरे."

अण्णांना वॅट ठाऊक होते ते दिव्याचे. बैठकीत शंभरचा, स्वयंपाकघरात साठचा, मोरीत पंचविसाचा आणि रात्री देवापाशी झिरोचा. तो झिरोचाही पंधरा वॅट खायचा, पण नाव झिरो. परतताना रिक्षात अण्णा एक अक्षर बोलले नाहीत. रात्री आमटीचा भुरका मारता मारता मध्येच थांबून म्हणाले, "पस्तीस वर्षं सायकल मारली रे. आणि मी काय, मोरीतला बल्ब?"

आमच्या हिने समजूत घातली, "अण्णा, आता एलईडीचे दिवस आहेत. नऊ वॅटमध्ये अख्खी खोली उजळते." यावर अण्णा ताटावरून उठले. चांगल्या हेतूने बोललेलं वाक्य किती खोल जाऊ शकतं, याचा मला विवाहानंतर बराच अनुभव आहे, पण अण्णांना तो नवा होता.

तेव्हा हा वॅट कोण, आणि त्याने आमच्या अण्णांना पंचवीसच का द्यावे, याचा शोध घेणं मला भाग पडलं. भौतिकशास्त्राशी माझी फारकत दहावीलाच झालेली. पण वाचत गेलो तसं लक्षात आलं, की ही गोष्ट भौतिकशास्त्राची कमी आणि धंद्याची जास्त आहे. मग माझी भीड चेपली.

जेम्स वॅट हा स्कॉटलंडचा, उपकरणं बनवणारा कारागीर. वाफेचं इंजिन त्याने शोधलं नाही. न्यूकमेनचं इंजिन आधीच होतं, फक्त ते कोळसा फार खायचं. वॅटने ते सुधारलं, १७६९ साली पेटंट घेतलं आणि पुढे बर्मिंगहॅमच्या मॅथ्यू बोल्टनबरोबर भागीदारी केली. या जोडीची पैसे वसूल करण्याची पद्धत वाचून माझ्यातला कारकून गहिवरला. कॉर्नवॉलमधल्या खाणमालकांना ते म्हणत, आमचं इंजिन लावा, जुन्या इंजिनापेक्षा जेवढा कोळसा वाचेल त्याच्या किमतीचा एकतृतीयांश आम्हाला द्या. बचतीवर कमिशन! आमच्या एकाही जनरल मॅनेजरला हे सुचलेलं नाही.

पण ज्या कारखान्यात जुनं इंजिन नव्हतंच, तिथे घोडे गोल गोल फिरून जातं ओढत. तिथे कोळशाची बचत कशी सांगणार? तेव्हा वॅटने घोडाच मोजायला घेतला. बारा फूट त्रिज्येच्या रिंगणात घोडा तासाला १४४ फेऱ्या मारतो आणि १८० पौंडांचा जोर लावतो, असं धरून त्याने हिशोब मांडला. उत्तर आलं मिनिटाला ३२,५७२ फूट-पौंड. ते त्याने सरळ ३३,००० करून टाकलं. आमच्याकडे एवढी रक्कम कोणी अशी 'राउंड' केली असती तर चौकशी लागली असती. १७८०च्या दशकातला हा हिशोब, आणि आजही मोटारीच्या जाहिरातीत तोच घोडा धावतो आहे. वॅट १८१९ साली वारला. त्यानंतर ६३ वर्षांनी, १८८२ साली, विल्यम सीमेन्सने शक्तीच्या एककाला वॅटचं नाव द्यावं असं सुचवलं. एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॅट.

मी कागदावर भागाकार केला. पंचवीस वॅट म्हणजे घोड्याचा तिसावा हिस्सा. हे अण्णांना सांगायचं नाही, एवढं मी ठरवलं. घोड्याचा तिसावा हिस्सा म्हणजे फार तर शेपूट.

दिलासा देणारी एक गोष्ट मात्र सापडली. दिवसभर, आठ तास, कष्टाचं काम करणारा धडधाकट माणूस सरासरी पंचाहत्तर वॅटच्या आसपासच देतो. म्हणजे माणूस मुळातच साठ-शंभरच्या बल्बांतली चीज आहे. तासभर चारशेच्या घरात राहणारे लोक जगात आहेत, पण ते टूर द फ्रान्ससारख्या शर्यतीत असतात, मोरीत नाही.

माणसाला सायकलवर बसवून त्याचं काम मोजण्याची हौस जुनी आहे. डेन्मार्कच्या ऑगस्ट क्रोगने १९१३ साली विद्युतचुंबकाचा ब्रेक लावलेली एक बसकी सायकल तयार केली. पुढे १९२० साली त्याला नोबेल मिळालं, पण ते स्नायूंतल्या केशवाहिन्यांवरच्या कामाबद्दल. ब्रेक किती घट्ट आहे ते आपल्याला माहीत, पाय किती वेळा फिरले ते मोजलेलं, म्हणजे काम किती झालं ते सांगता येतं. अण्णा ज्या सायकलवर बसले ती याच घराण्यातली.

अडचण अशी, की ही सायकल कुठे जात नाही. रस्त्यावरच्या सायकलवर शक्ती कशी मोजायची? त्याची किल्ली १८५६ सालीच विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्व्हिन, यांच्या हाती लागली होती. धातूची तार ताणली की तिचा विजेला होणारा विरोध वाढतो. मला हे लगेच पटलं. महिनाअखेरीला मीही ताणला गेलो की माझा घरातल्या प्रत्येक खर्चाला विरोध वाढतो. १९३८ साली अमेरिकेत सिमन्स आणि रूज या दोघांनी, एकमेकांना न विचारता, याच तत्त्वावर ताण मोजणारी चिमुकली पट्टी बनवली. आणि १९८६ साली जर्मनीत उलरिख शोबेरर नावाच्या इंजिनिअरने अशा पट्ट्या सायकलच्या क्रँकमध्ये बसवून कंपनी काढली. पायाने पायडल दाबलं की धातू केसभर वाकतो, पट्टी ते ओळखते, त्याला फिरण्याच्या वेगाने गुणलं की वॅट. तीन वेळा टूर द फ्रान्स जिंकलेला ग्रेग लेमाँड १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला हे यंत्र वापरणाऱ्या पहिल्या काही जणांपैकी एक.

ही माहिती मी जेवणाच्या टेबलावर मांडत असताना आमचा भाचा पुण्याहून आला. तो संगणकवाला आहे आणि रविवारी पहाटे, माणसं झोपलेली असतात तेव्हा, घट्ट कपडे घालून सायकल चालवतो. त्याच्या सायकलच्या किमतीत माझी स्कूटर दोनदा आली असती. त्याने माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मामा, वॅट मोजणं सोपं आहे. खरी मजा मोजल्यानंतर आहे." आणि त्याने संगणकावर एक सॉफ्टवेअर उघडलं. नाव गोल्डन चीता. सोनेरी चित्ता.

हा चित्ता २००६ साली शॉन ऱ्ही नावाच्या माणसाने सुरू केला. पुढे मार्क लिव्हर्सेज आणि इतर अनेकांनी वाढवला. फुकट आहे. फुकट म्हणजे 'पहिले तीस दिवस' असं नव्हे, आतला सगळा मजकूरही उघडा. स्वतःच्या पायांतून निघालेले आकडे स्वतःला हव्या त्या संगणकावर, हवे तसे पाहता यावेत, असं मानणाऱ्या लोकांचं हे काम. बँकेच्या माणसाला अशा दानशूरपणाची जरा भीतीच वाटते. पण भाचा म्हणाला, यात तारण काही लागत नाही.

त्याने पडद्यावर उभ्या काड्यांचा आलेख दाखवला. खाली वॅट, ० ते ४००. वर वेळ. म्हणजे शंभर ते एकशेवीस वॅटमध्ये किती मिनिटं, एकशेवीस ते एकशेचाळीसमध्ये किती मिनिटं. मला क्षणात उमगलं. ही आमची कॅश बंद करतानाची वर्गवारी! पाचशेच्या किती, दोनशेच्या किती, शंभरच्या किती, चिल्लर किती. एकूण रक्कम जुळली म्हणून कॅशियर सुटत नाही, ती कशाकशाची मिळून झाली ते लिहावं लागतं.

"सरासरी कळली की झालं ना?" मी तरीही विचारलं.

"सरासरी फसवते, मामा. पाच मिनिटं शंभर वॅट आणि पाच मिनिटं तीनशे, याची सरासरी दोनशे. आणि दहा मिनिटं सलग दोनशे, याचीही दोनशेच. पण पहिल्यात जीव जास्त जातो."

हे त्याचं मत नव्हतं. अँड्र्यू कॉगन या अमेरिकन शास्त्रज्ञाने २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत यासाठी एक हिशोब बसवला. तीस-तीस सेकंदांची सरकती सरासरी घ्यायची, प्रत्येक आकड्याचा चौथा घात करायचा, त्यांची सरासरी काढायची आणि शेवटी चौथं मूळ. मग ते शंभर-तीनशेचं उत्तर दोनशे येत नाही, अडीचशेच्या थोडं वर जातं. चौथा घात! आमच्याकडे चक्रवाढ व्याजालाच लोक घाबरतात. हे म्हणजे सावकारी झाली. पण शरीर हा सावकारच आहे, हे अण्णांच्या निमित्ताने आम्ही नुकतंच अनुभवलं होतं.

शिवाय एका आकड्यावर विसंबण्याचे परिणाम मी नोकरीत पाहिलेले. बचत खात्यावर पूर्वी व्याज मिळायचं ते १० तारखेपासून महिनाअखेरपर्यंतच्या सर्वांत कमी शिल्लकीवर. महिनाभर लाख रुपये ठेवून एकच दिवस शंभरावर आणले, की व्याज शंभरावर. १ एप्रिल २०१० पासून रोजच्या शिल्लकीवर सुरू झालं. बँकांना जे कळायला एवढी वर्षं लागली, ते सायकलवाल्यांना जरा लवकर कळलं, इतकंच.

तो पुढचा आलेख दाखवू लागला तेव्हा तर मला खुर्चीतच ऑफिसात गेल्यासारखं वाटलं. मोनो आणि शेरर या दोघांनी १९६५ साली मांडलेली कल्पना अशी, की स्नायूला एक ठरावीक शक्ती दीर्घकाळ झेपते. तो तुमचा पगार. त्याच्या वर जायचं, तर एक छोटी गंगाजळी असते, ती संपेपर्यंत. २०१२ साली फिलिप स्किबा आणि सहकाऱ्यांनी ही गंगाजळी खर्च कशी होते आणि पगाराच्या आत राहिलं की हळूहळू पुन्हा कशी भरते, याचं गणित दिलं. चित्ता ही शिल्लक सेकंदा-सेकंदाला काढून दाखवतो. हे पासबुकच की! मीही हौसेने भाच्याच्या सायकलवर बसलो. चौथ्या मिनिटाला माझं खातं निरंक झालं. भाचा म्हणाला, "मामा, तुमच्यासाठी सोनेरी गोगलगाय शोधावी लागेल." ही स्वयंपाकघरात हसली. ओट्याजवळ काय चाललंय हे मला ऐकू येत नाही, पण मला काय होतंय हे ओट्याजवळ नेहमी ऐकू जातं.

मुद्दा अण्णांचा. डॉक्टरांनी घरी व्यायामाला परवानगी दिली : रोज वीस मिनिटं, आणि चाळीस वॅटच्या वर जायचं नाही. भाच्याने त्याची जुनी सायकल आणि मागचं चाक काढून बसवायचा एक वॅट मोजणारा ट्रेनर आमच्या गॅलरीत लावून दिला. आकडे चित्त्याकडे जायचे. पडदा अण्णांना दिसणार नाही असा ठेवला, म्हणजे बल्बाचा विषय नको.

आठवडाभर मी रोज संध्याकाळी ऑफिसातून आलो की सरासरी पाहायचो. ३१, ३२, ३१. उत्तम. चाळीसच्या आत. मी वहीत लिहून खाली सही करायचो. सही न केलेला आकडा मला आकडा वाटतच नाही.

रविवारी भाच्याचा फोन आला. आकडे त्यालाही दिसत होते. "मामा, आजोबांचा हिस्टोग्राम बघितलात?"

मी उघडला. डावीकडे पंचविसापाशी उंच काडी. शहाण्यासारखी. आणि उजवीकडे, दूर, नव्वदापाशी एकटीच उभी एक लहान काडी. दोन मिनिटांची. सातही दिवस. अठरा मिनिटं पंचवीस आणि दोन मिनिटं नव्वद, याची सरासरी साडेएकतीस. वही बरोबर होती, सही बरोबर होती, आणि अण्णा रोज दोन मिनिटं नव्वद वॅट मारत होते. चौथ्या घाताने काढलं तर आकडा पन्नाशीवर. माझ्या पायातलं बळ गेलं. वीस वर्षांहून जास्त नोकरीत टोटल जुळली म्हणून तपशील न पाहण्याची चूक मी केली नव्हती. केली ती वडिलांच्या बाबतीत.

वेळेचा आलेख पाहिला. रोज अकराव्या मिनिटाला चढायचं, तेराव्याला खाली.

अण्णा गॅलरीत पेपर वाचत होते. मी छापलेला आलेख समोर धरला. ऑडिटर धरतात तसा, काही न बोलता. अण्णांनी चष्मा वर केला, ती एकटी काडी पाहिली.

"अण्णा, इथे काय झालं?"

"चढ होता," अण्णा म्हणाले.

"गॅलरीत चढ?"

"पोस्टातून निघालं की पहिला बाजार. मग पेठ, शाळा, दवाखाना. दहा मिनिटं. मग तो देवळाकडचा चढ लागतो. तिथं उतरलं की पिशवीसकट सायकल ढकलायला जास्त त्रास. म्हणून मारून न्यायची. वर वडाखाली सावली आहे." आणि पेपर पुन्हा वर केला.

म्हणजे हा माणूस गेले सात दिवस गॅलरीत टपाल वाटत होता.

मला रागवायचं होतं. जमलं नाही. मी आत जाऊन कागद घेतला. देवळाकडचा चढ मला पाठ होता. लहानपणी अण्णांच्या सायकलच्या दांडीवर बसून मी तो चढलो आहे. उंची चार मजली इमारतीइतकी, म्हणजे बारा मीटर. अण्णा तेव्हा पंचावन्न किलो, सायकल वीस, दोन्ही पिशव्या मिळून पंधरा. एकूण नव्वद. वेळ दोन मिनिटं. उंचीवर वजन चढवायला लागणारी शक्ती काढायला दहावीचं गणित पुरतं. उत्तर आलं अठ्ठ्याऐंशी वॅट. रस्त्याचं घर्षण आणि वारा त्याहून वेगळा. मी पुन्हा करून पाहिलं. पुन्हा अठ्ठ्याऐंशी. पस्तीस वर्षं, रोज, सुट्टीचे दिवस सोडून. याची नोंद कुठल्याच वहीत झाली नाही, कारण अण्णांच्या क्रँकमध्ये पट्टी नव्हती. पण पायांनी ती ठेवली होती.

कागद मी अण्णांसमोर ठेवला. "हे तुमचे वॅट. तेव्हाचे."

अण्णांनी आकडा वाचला. "अठ्ठ्याऐंशी." थोडं थांबून म्हणाले, "म्हणजे साठच्यापेक्षा जास्त."

"शंभरला बारा कमी."

"मग तू दांडीवर बसलास की पिशवीवर दुसरी पिशवी," अण्णा म्हणाले. "ते धर. मग शंभर होतील."

सोमवारी दोन्ही कागद घेऊन डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी आलेख पाहिला, अण्णांना तपासलं, पुन्हा आलेख पाहिला. मला वाटलं, आता आम्हा दोघांना बोलणी बसणार. डॉक्टर अण्णांना म्हणाले, "आजोबा, टपाल वाटा. माझी हरकत नाही. पण तीन महिने चढ आला की उतरायचं. तुमच्या वरिष्ठांचा हुकूम समजा."

अण्णांनी 'हो' म्हटलं. सरकारी नोकरीत हुकूम लेखी लागतो म्हणून डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहूनही दिलं. ती चिठ्ठी आता गॅलरीत खिळ्याला आहे.

त्यानंतर मी सरासरी पाहायची सोडली. संध्याकाळी आधी हिस्टोग्राम उघडतो. नव्वदाची काडी गेली. तिच्या जागी, अगदी डावीकडे, शून्यापाशी एक नवी काडी उगवली. तीन मिनिटांची. वेळेचा आलेख पाहिला, अकरावं मिनिट. मी गॅलरीत जाऊन विचारलं, "अण्णा, मध्येच थांबता का? दम लागतो?"

"दम कसला? हुकुमाप्रमाणे उतरलो," अण्णा म्हणाले. "ढकलत नेली. पिशवी जड होती."

चित्त्यामध्ये एक खूण आहे. ती काढली की शून्याची मिनिटं हिशोबातून वगळली जातात आणि आलेख देखणा दिसतो. भाचा फोनवर म्हणाला, "मामा, झिरो काढून टाका. तो वेळ काही उपयोगाचा नाही."

मी ती खूण तशीच राहू दिली.